गादी आधी, उडी नंतर

सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोला जागतिक मैदानी स्पर्धा झाली. तिच्या एकाच आठवड्यात उंच झेप घेणाऱ्या तीन माणसांचं नशीब तीन तऱ्हांनी उलगडलं. स्वीडनच्या अर्माँड डुप्लांटिसने पोल व्हॉल्टमध्ये ६.३० मीटर ओलांडून स्वतःचाच विश्वविक्रम पुन्हा मोडला. ब्रिटनची मॉली कॉडरी पदकाच्या आशेने आली होती. पात्रता फेरीआधीच्या सरावातच तिचा घोटा दुखावला आणि स्पर्धा तिथेच संपली. आणि नाशिक जिल्ह्यातल्या शेतकरी घरातला सर्वेश कुशारे उंच उडीच्या अंतिम फेरीत २.२८ मीटरची आयुष्यातली सर्वोत्तम उडी मारून सहावा आला. जागतिक स्पर्धेत या प्रकाराच्या अंतिम फेरीपर्यंत त्याच्याआधी एकही भारतीय पोहोचला नव्हता. डुप्लांटिस आणि कॉडरी तेव्हा पंचविशीत होते. सर्वेश तिशीत. पहिले दोघे विशीच्या सुरुवातीलाच जगाला माहीत झाले होते. तिसऱ्याला तिथे पोहोचायला आणखी काही वर्षं लागली. या वर्षांचा हिशेब कुठे लागतो, हा या लेखाचा प्रश्न आहे. तो वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातल्या अल्लीपूरसारख्या गावाच्या बाजूने विचारायचा आहे, कारण कापूस, तूर आणि सोयाबीनच्या या पट्ट्यातून पोल व्हॉल्टचा मोठा खेळाडू का निघाला नाही याचं उत्तर आपण फार घाईने देऊन टाकतो. कुणी म्हणतं जिद्द कमी पडते, कुणी म्हणतं शरीरयष्टी, कुणी म्हणतं आवड. माझं म्हणणं असं की खेळाडूची पहिली सात-आठ वर्षं ही त्याच्या गुणांपेक्षा त्याच्या सायकलच्या टप्प्यात काय होतं आणि कोण होतं याचीच नोंद असते, आणि पोल व्हॉल्टमध्ये ही गोष्ट इतर कुठल्याही मैदानी प्रकारापेक्षा उघडी पडते.

कॉडरीपासून सुरुवात करू, कारण तिची कारकीर्द वरवर पाहता जन्मजात प्रतिभेची वाटते. जन्म मार्च २००० चा, कॉर्नवॉलमधला. कॉर्नवॉल म्हणजे ब्रिटनचा नैऋत्येकडचा शेंडा, लंडनपासून लांब, खेळाच्या नकाशावर आडबाजूला. तिथून जागतिक विजेती निघाली म्हणजे प्रतिभा कुठेही उगवते असं म्हणायला आपण मोकळे. पण तिचे वडील स्टुअर्ट कॉडरी हे स्वतः पोल व्हॉल्टर, आणि मुलीचे पहिले प्रशिक्षकही तेच. गादी कुठे आहे, पोल कोणता घ्यायचा, धाव किती पावलांची ठेवायची, हे त्या घरात कुणाला विचारायला जावं लागत नव्हतं. डुप्लांटिसचं तर घराच्या मागच्या अंगणातच उडीचं मैदान होतं, अमेरिकेतल्या लुइझियानात. वडील ग्रेग पोल व्हॉल्टर, आई हेप्टॅथलॉनची खेळाडू. श्रीमंत देशांतही हा खेळ असा घराण्यातून वाहतो. त्यात रक्ताचा भाग असेलही, पण मोठा भाग असा की जे साहित्य आणि जी नजर गावोगाव मिळत नाही ती काही मोजक्या घरांत आयती असते. आपल्याकडे गाणं किंवा कुस्ती घराण्यांत राहिली तेव्हा त्याला आपण परंपरा म्हटलं. तिचा व्यवहारी अर्थ असाही होता की बाहेरच्याला दार सापडणं अवघड.

यावर लगेच प्रतिउदाहरण देता येतं, तेही ब्रिटनचंच. हॉली ब्रॅडशॉ, माहेरची ब्लीझडेल, लँकेशरची. तिने पोल हातात घेतला तो वयाच्या सतराव्या वर्षी, म्हणजे आपल्याकडे मुलं बारावीच्या अभ्यासाला बसतात त्या वयात. जुलै २०११ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी तिने ४.७० मीटरचा राष्ट्रीय विक्रम केला आणि जानेवारी २०१२ मध्ये फ्रान्समध्ये बंदिस्त मैदानावर ४.८७ मीटर ओलांडले. तीन वर्षांत शून्यापासून जगातल्या पहिल्या फळीत. घराणं नाही, अंगणातली गादी नाही. मग माझा मुद्दा कोसळला का? मला उलटं वाटतं. सतराव्या वर्षी एखाद्या मुलीला वाटलं की हा प्रकार करून बघावा, आणि आपल्याच भागातल्या क्लबात जाऊन तिला तो करून बघता आला. तिथे गादी होती, वेगवेगळ्या वजनांचे पोल होते, शिकवणारा माणूस होता. तिचं नाव कुणालाही माहीत नसताना ही सोय तिथे उभी होती. प्रतिभा ओळखून मग सोय केली असं झालं नाही. सोय होती म्हणून प्रतिभा ओळखू आली. ब्रॅडशॉची पुढची वाटही बघण्यासारखी आहे. विसाव्या वर्षी मारलेल्या ४.८७ च्या वर जायला तिला जून २०२१ उजाडावा लागला, तेव्हा तिने ४.९० केले, आणि त्याच वर्षी टोकियो ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवलं, जे ब्रिटनचं पोल व्हॉल्टमधलं पहिलं ऑलिंपिक पदक. मधली नऊ वर्षं दुखापती, शस्त्रक्रिया आणि हुकलेल्या संधींची. त्या काळात तिला टिकवून धरणारी व्यवस्था, लॉटरीच्या पैशातून १९९७ पासून चालत आलेली, तिच्यामागे होती. कॉडरीचंही तसंच. डिसेंबर २०२१ मध्ये व्यायामशाळेत लोखंडी बारखाली तिचं बोट चेमटलं, जवळजवळ तुटलंच. पुढच्याच उन्हाळ्यात तिने बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य जिंकलं. मार्च २०२४ मध्ये ग्लासगोत बंदिस्त मैदानावरची जगज्जेती, जूनमध्ये तुलूझला ४.९२ चा ब्रिटिश विक्रम, आणि ऑगस्टमध्ये पॅरिस ऑलिंपिकला पात्रता फेरीत पहिल्याच उंचीवर, ४.५५ वर, तिन्ही प्रयत्न वाया. सुरुवातीची कारकीर्द अशी खडबडीत असते. ती पुढे चालू राहते की नाही, हे खेळाडूला किती वेळा पडणं परवडतं त्यावर ठरतं.

आता सर्वेशकडे. महाराष्ट्रात पोल व्हॉल्टला सगळ्यांत जवळचं उदाहरण त्याचंच, कारण दोन्ही प्रकार आडव्या दांडीवरून जाण्याचे आणि दोन्हींत पडायला काहीतरी लागतं. निफाड तालुक्यात शाळेत असताना त्याचे शिक्षक रावसाहेब जाधव यांनी मक्याचा भुसा वगैरे भरून शिवलेल्या गादीवर त्याला उडी शिकवली, ही गोष्ट आता सर्वश्रुत आहे. २०१६ मध्ये तो लष्करात गेला. २०१९ ला काठमांडूच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत २.२१ मीटर आणि सुवर्ण, २०२२ च्या राष्ट्रीय स्पर्धेत २.२७, २०२३ ला बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत २.२६ आणि रौप्य. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मात्र २.१५ वरच अडकला. कॉडरी जिथे कोसळली त्याच मैदानावर, त्याच महिन्यात. नंतर टोकियो. या क्रमात एक गोष्ट डोळ्यांत भरते: लष्करात जाण्याआधीचे त्याचे आकडे कुणाच्या तोंडी नाहीत आणि नंतरचे सगळे आहेत. भुशाच्या गादीने त्याला उडी मारायला शिकवलं यात शंका नाही. पण त्या गादीने त्याला जिथवर नेलं तिथून पुढे नेणारी गादी वेगळी होती, आणि ती नोकरीसोबत आली, बऱ्याच उशिरा आली.

भुशाच्या गादीची गोष्ट आपल्याला फार आवडते. वर्तमानपत्रांत ती दर वेळी येते आणि दर वेळी तिचा सूर कौतुकाचा असतो. म्हणून ती जरा जवळून बघू. अल्लीपूरला अशी गादी करायची तर मका नाही, सोयाबीनचं कुटार मिळेल. हंगामानंतर ते ढिगाने पडलेलं असतं. खताची किंवा सरकीची रिकामी पोती घ्यायची, कुटार ठासून भरायचं, सुतळीने शिवायचं, पोती एकमेकांना बांधून दोन-तीन थर रचायचे. पहिले काही दिवस ती बऱ्यापैकी काम देते. मग कुटाराचा चुरा होतो, पोती मधोमध बसतात, दोन पोत्यांच्या सांध्यात फट पडते आणि नेमका त्या फटीत पाय जातो. पाऊस लागला की आतून कुजतं, उंदीर होतात. फोमच्या गादीचं काम वेगळ्या तऱ्हेने चालतं: माणूस पडला की आतल्या पोकळ्यांतली हवा हळूहळू बाहेर जाते, वेग एकदम न तुटता थोड्या अंतरात विरतो, आणि पुढच्या उडीआधी गादी पुन्हा फुगलेली असते. उंच उडीत शाळकरी मुलगा दीड-पावणेदोन मीटरवरून येतो, त्यामुळे कुटाराच्या गादीवर त्याचं निभावतं. पोल व्हॉल्टमध्ये चांगला शिकाऊ खेळाडूसुद्धा चार मीटरवरून येतो. दोन मीटरच्या उंच उडीच्या तुलनेत त्याचा आदळण्याचा वेग सुमारे दीडपट आणि जिरवायची ऊर्जा दुपटीहून जास्त. शिवाय उंच उडीवाला जवळपास ठरलेल्या जागी पडतो. पोल व्हॉल्टवाला पोल सरळ उभा राहिला नाही तर डावी-उजवीकडे फेकला जातो, कधी उलटा धावमार्गाकडे परत येतो. म्हणून साध्या स्पर्धांनासुद्धा पाच मीटर लांब-रुंद गादी नियमाने लागते आणि मोठ्या स्पर्धांना सहा मीटरची, ८० सेंटिमीटर जाड. सर्वेशच्या शिक्षकांनी जे केलं ते पोल व्हॉल्टच्या शिक्षकाने करू नये, आणि हा मुद्दा जिद्दीच्या कौतुकात हरवून जातो.

गादी हा निम्मा प्रश्न. उरलेला निम्मा पोलचा आहे, आणि तिथे विदर्भाच्या वाचकाला एक गंमत जाणवेल. आपल्याकडे शाळेत या प्रकाराला बांबू उडी म्हणतात, आणि चंद्रपूर-गडचिरोलीचा बांबू तर वर्ध्यापासून फार लांब नाही. नियमांनुसार पोल कोणत्याही वस्तूचा चालतो. बांबूला आजही बंदी नाही. मग बुरडाकडून एक सरळ, बारीक पेरांचा बांबू आणून सुरुवात का करू नये? एकेकाळी जग बांबूवरच उडत होतं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये जपानच्या शुहेई निशिदा आणि सुएओ ओए यांनी दुसरं-तिसरं स्थान मिळवलं आणि मायदेशी परतल्यावर आपापली पदकं अर्धी कापून, रुप्याचा अर्धा आणि कांस्याचा अर्धा असा जोड करून घेतला. (त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली होती. विदर्भ आणि पोल व्हॉल्ट एका शहरात आले ते बहुधा तेव्हाच, आणि ओळख न होता पांगले.) अमेरिकेचा कॉर्नेलियस वॉर्मरडॅम कॅलिफोर्नियातल्या शेतकऱ्याचा मुलगा, वडिलांच्या पालकाच्या वाफ्यात उड्या मारत शिकलेला. एप्रिल १९४० मध्ये त्याने बांबूवर पंधरा फूट ओलांडले, जे तोवर अशक्य मानलं जात होतं, आणि १९४२ मध्ये ४.७७ मीटर. अल्लीपूरला दाखवायला याहून चांगला पूर्वज कुठला? शेत आहे, बांबू आहे, पोरगा आहे.

पण पुढचे आकडे ही आशा मोडून काढतात. वॉर्मरडॅमच्या ४.७७ पासून १९६० मध्ये डॉन ब्रॅगने धातूच्या पोलवर केलेल्या ४.८० पर्यंत जायला जगाला अठरा वर्षं लागली: अठरा वर्षांत तीन सेंटिमीटर. मग फायबरग्लासचा पोल आला आणि १९६० ते १९६४ या चार वर्षांत विक्रम ४.८० वरून ५.२८ वर गेला. माणसं अचानक बलवान झाली नव्हती. ताठ बांबू टेकवला की धावेचा मोठा भाग खांद्याला बसणाऱ्या धक्क्यात जातो, त्यामुळे हात फार वर धरता येत नाही. वाकणारा पोल तो वेग साठवून घेतो आणि सरळ होताना परत देतो. सेकंदाला नऊ मीटर वेगाने धावणाऱ्याची सगळी गती उंचीत बदलली तर ती सुमारे ४.१ मीटर भरते. त्यात धावताना शरीराचा मध्य जमिनीपासून मीटरभर वर असतो तो मिळवला की आपण पाचच्या पुढे जातो, आणि उरलेलं हाताच्या रेट्यातून येतं. म्हणजे पोल हा या प्रकारात वेगाचं भांडं आहे, आणि भांड्याचं माप खेळाडूगणिक बदलतं. प्रत्येक पोलवर लांबी आणि वजनाची मर्यादा लिहिलेली असते. हलका पोल जड मुलाने वापरला तर तो मोडू शकतो, कडक पोल हलक्या मुलाने वापरला तर तो वाकतच नाही आणि पोरगं धावमार्गावर परत आदळतं. चौदा ते अठरा या वयात वजन आणि वेग दोन्ही भराभर वाढतात, तेव्हा एका मुलाला काही महिन्यांनी पुढचा पोल लागतो. एकेका पोलची किंमत दहा-वीस हजारांत भागत नाही, चांगले पोल बहुतेक परदेशातून येतात, आणि एक पोल घेऊन काहीच होत नाही. शिडीसारखा संच लागतो. कुठलंच शेतकरी कुटुंब, अगदी सधन असलं तरी, असा संच एका मुलासाठी घेणार नाही, आणि घेऊही नये, कारण वर्षभरात त्यातले निम्मे पोल त्याला निकामी होतात. ते पुढच्या मुलाकडे जायला हवेत. हा खेळ मुळातच सामायिक मालकीचा आहे.

तो किती नाजूक आहे याचे दाखले वरच्या पातळीवरही मिळतात. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ब्राझीलच्या फाबियाना मुरेरचा एक पोल ऐन अंतिम फेरीत सापडेना. पुढच्या उंचीसाठी ठरवलेलं भांडंच हरवलं आणि पदकाची संधी गेली. तीन वर्षांनी तीच बाई जगज्जेती झाली. २०२२ च्या जागतिक स्पर्धेत सरावाच्या उडीत ब्रॅडशॉचा पोल मोडला आणि तिला माघार घ्यावी लागली. आणि आपल्या घरचं उदाहरण तर ताजं आहे. जानेवारी २०२६ मध्ये देव मीना आणि कुलदीप यादव हे मध्य प्रदेशाचे दोन पोल व्हॉल्टर मंगळूरहून विद्यापीठ स्पर्धा आटोपून भोपाळला परतत होते; पोल गाडीत नेता येणार नाहीत म्हणून त्यांना पनवेलला उतरवण्यात आलं, काही तास फलाटावर काढावे लागले आणि दंड भरावा लागला. यातल्या देव मीनाने एप्रिल २०२५ मध्ये कोचीला ५.३५ मीटरचा राष्ट्रीय विक्रम केला होता. देशातल्या सर्वोत्तम खेळाडूची ही स्थिती, तर हिंगणघाटहून नागपूरला विभागीय स्पर्धेला निघालेल्या मुलाने पाच मीटरचा पोल एसटीत कुठे ठेवायचा?

देव मीनाचं नाव आलंच आहे तर भारताचा नकाशा बघू, कारण मला वाटतं की सगळ्यांत भक्कम पुरावा तिथे आहे. १९८७ मध्ये विजयपाल सिंगने केलेला ५.१० मीटरचा राष्ट्रीय विक्रम तीस वर्षांहून जास्त टिकला. इतका काळ देशात कुणी चांगला जन्मलाच नाही असं कोण मानेल? मग तो मोडला तो तमिळनाडूच्या शिवा सुब्रमणीने, आणि पुढे देव मीनाने, जो देवास जिल्ह्यातला आणि भोपाळच्या राज्य क्रीडा अकादमीत घडलेला. महिलांमध्ये व्ही. एस. सुरेखाने २०१४ मध्ये ४.१५ मीटर केले, २०२२ मध्ये रोझी मीना पॉलराजने ४.२० च्या वर नेले, आणि दोघीही तमिळनाडूच्या. म्हणजे सगळी उंची दोन-तीन ठिकाणी साचली आहे. तमिळ मुलींच्या खांद्यांत काही वेगळं असावं असं म्हणण्यापेक्षा, चेन्नईत गादी, पोल आणि शिकवणारी माणसं सलगपणे राहिली आणि एका खेळाडूला बघून दुसरी आली, हे उत्तर सोपंही आहे आणि पटणारंही. भोपाळचं उदाहरण वर्ध्याला आणखी बोलकं आहे. देवास हा आपल्यासारखाच सोयाबीनचा आणि काळ्या मातीचा जिल्हा. तिथल्या मुलात आणि अल्लीपूरच्या मुलात हवा-पाणी, आहार, घरची मिळकत यांचा फारसा फरक नाही. फरक एवढाच की त्याच्या राज्यात पोल व्हॉल्ट शिकवणारी अकादमी होती आणि ती त्याला योग्य वयात सापडली.

महाराष्ट्राची यादी हेच दुसऱ्या बाजूने सांगते. ग्रामीण महाराष्ट्राने गेल्या पंधरा-वीस वर्षांत देशाला दिलेले मोठे मैदानी खेळाडू बहुतेक धावणारे आहेत: सातारच्या माण तालुक्यातली ललिता बाबर, नाशिकची कविता राऊत, बीडच्या आष्टी तालुक्यातला अविनाश साबळे. धावायला रस्ता पुरतो. साबळेची स्टीपलचेसही लष्करात गेल्यावरच सुरू झाली, कारण त्यातला पाण्याचा खड्डा आणि अडथळे गावात नसतात. पण त्याच्या पायांतलं बळ आधी, गावच्या रस्त्यावर, कमावता आलं होतं. साहित्य जितकं कमी तितके आपले खेळाडू जास्त आणि साहित्य जितकं जड तितकी यादी रोडावत जाते, हा क्रम योगायोग म्हणून सोडून देण्याइतका विस्कळीत नाही. सर्वेश त्या क्रमाच्या मधोमध बसतो: उंच उडीची गादी काही काळ भुशाने निभावते, म्हणून तो निसटून वर आला.

आता आक्षेप. पहिला, आणि सगळ्यांत आदराने घ्यावा असा, मल्लखांबाचा आहे. महाराष्ट्राकडे उलटं टांगण्याची, खांद्याच्या आणि पोटाच्या ताकदीची, हवेत आपलं शरीर कुठे आहे हे ओळखण्याची जुनी विद्या आहे. तर मग परकी गादी आणि पोल कशाला? यात तथ्य पुष्कळ आहे. महिलांचा ५.०६ मीटरचा विश्वविक्रम करणारी येलेना इसिनबायेवा पंधराव्या वर्षापर्यंत जिम्नॅस्टिक्स करत होती. उंची वाढली म्हणून ते सोडावं लागलं आणि तिला पोलकडे वळवलं गेलं. दोरीच्या मल्लखांबावर तयार झालेली मुलगी पोलवर उलटी होताना घाबरणार नाही, जिथे साध्या धावपटूला वर्ष-दीड वर्ष जातं. पण इसिनबायेवाच्या गोष्टीत वळवणारा माणूस आणि वळून जायची जागा एकाच शहरात, वोल्गोग्राडमध्ये होती. आपल्याकडे मल्लखांबाचा उस्ताद आणि पोल व्हॉल्टची गादी एका जिल्ह्यात सहसा नसतात. शिवाय मल्लखांब जागेवरचा आहे आणि पोल व्हॉल्टची निम्मी उडी धावमार्गावरच ठरते. तेव्हा मल्लखांब म्हणजे या खेळाचा उत्तम बालवर्ग. पुढचे वर्ग त्यामुळे आपोआप उघडत नाहीत.

दुसरा आक्षेप कोरडा आणि रास्त आहे. अल्लीपूरची पोरं पहाटे रस्त्यावर धावतात ती पोलीस भरतीसाठी: मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, सोबत १०० मीटर आणि गोळाफेक. घराला पगार हवा आहे. चार-सहा मुलांच्या पोल व्हॉल्टसाठी जिल्ह्याने पैसे का घालावेत, त्यात शंभर मुलांची धावपट्टी होईल. याला एक ठरलेलं उत्तर दिलं जातं की खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला वाढीव गुण आहेत, आणि कमी गर्दीच्या प्रकारात पदक लवकर मिळतं. ते अर्धंच खरं आहे. गर्दी कमी आहे तोवरच ते खरं, आणि नुसत्या प्रमाणपत्रासाठी आलेला मुलगा चार मीटरवर टिकत नाही. मला याहून पटणारं उत्तर वेगळं वाटतं. पहाटेच्या त्या रस्त्यावर जो मुलगा १०० मीटर सगळ्यांच्या पुढे संपवतो आणि १६०० ला मागे पडतो, त्याला आज कुठेच जागा नाही. भरतीच्या गुणपत्रिकेत तो सरासरी ठरतो. वेग आहे, दमसास नाही, खांदे बरे आहेत: पोल व्हॉल्टला नेमका हाच लागतो. त्याच्यासाठी वेगळी शोधमोहीम काढायची गरज नाही, तो रोज डोळ्यांसमोर धावतोय. आणि धावपट्टी की गादी हा पेच खोटाच आहे, कारण पोल व्हॉल्टला लागणारा किमान ४० मीटरचा धावमार्ग हा त्या धावपट्टीचाच तुकडा असतो.

तिसरा आक्षेप धोक्याचा. तो मी फेटाळणार नाही. वरचा ब्रॅडशॉचा मोडलेला पोल आणि कॉडरीचा घोटा पुरेसे आहेत, आणि त्या दोघी जगातल्या सर्वोत्तम सोयींमध्ये होत्या. पण या आक्षेपातून निघतं ते असं की हा खेळ गावागावांत, शाळाशाळांत अर्धवट पसरवू नये. स्पर्धेच्या यादीत बांबू उडी ठेवायची, साहित्य मात्र द्यायचं नाही, आणि मग तालुक्याच्या मैदानावर वाळूच्या खड्ड्यात कुणीतरी लाकडी दांड्याने ती करून दाखवायची, हा प्रकार सगळ्यांत वाईट. एक तर नीट, नाहीतर नकोच. म्हणून अल्लीपूरच्या शाळेला गादी द्या असं मी म्हणत नाही. वर्धा किंवा हिंगणघाट, जिल्ह्यात एकच जागा: पाच मीटरची गादी, वरून झाकायला पत्र्याची सरकती शेड, नियमाप्रमाणे वीस सेंटिमीटर खोल उतरणारी लोखंडी पेटी जमिनीत पक्की बसवलेली, आणि हलक्यापासून जडपर्यंत पंधरा-वीस पोल, जे कुणाच्या मालकीचे नसतील आणि जिल्ह्याबाहेर जाणार नाहीत. विभागीय स्पर्धेला यजमान मैदानाने आपले पोल सगळ्यांना खुले करावेत, म्हणजे एसटीचा प्रश्नच उरत नाही. अल्लीपूरच्या मुलाने आठवड्यातून दोनदा तिथे यायचं आणि उरलेले दिवस गावात धावायचं, दोरीवर चढायचं. सुरुवातीला एवढं पुरतं; नवख्याने रोज पोलवर उड्या मारण्याची तशीही गरज नसते.

चौथा आक्षेप सहसा मोठ्याने बोलला जात नाही, पण असतो: एवढं करूनही कॉडरी निघेल याची हमी काय? हमी नाही. ब्रिटनमध्ये इतके क्लब असून ऑलिंपिकचं पहिलं पदक २०२१ मध्ये आलं. मी जे मागतो आहे त्यातून फार तर एवढंच होईल की सतराव्या वर्षी कुणाला हा प्रकार करून बघावासा वाटला तर त्याला किंवा तिला तो करून बघता येईल, आणि जमत नाही असं ठरलं तर ते हाडं न मोडता ठरेल. विक्रम हा त्यानंतरचा आणि वेगळा प्रश्न आहे.

खरी अडचण पैशाच्याही पुढे आहे, आणि वरच्या सगळ्या मांडणीत मी तिला शेवटी ठेवलं कारण तिच्यावर सोपा उपाय नाही. गादी एका आर्थिक वर्षात घेता येते. रावसाहेब जाधवांसारखा माणूस तसा घेता येत नाही. पोल व्हॉल्ट शिकवणाऱ्याला पोल टेकवण्याच्या क्षणी मुलाचा वरचा हात, पाऊल आणि पोलचा कोन हे तिन्ही एका नजरेत बघावे लागतात, आणि ही नजर पुस्तकातून येत नाही. एखाद्या जाणत्याच्या शेजारी काही वर्षं उभं राहून येते. शाळांमध्ये शारीरिक शिक्षणाच्या पूर्णवेळ शिक्षकाची जागा भरणं हेच आज कठीण झालं आहे, तिथे एका प्रकाराचा जाणकार मिळणं आणखी कठीण. अमरावतीच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयातून दर वर्षी मुलं बाहेर पडतात. त्यातल्या दोघा-तिघांना वर्षभरासाठी भोपाळ किंवा चेन्नईला पाठवून, परत आल्यावर वर्ध्याच्या मैदानावर निदान आठ-दहा वर्षं बदली न होणारी नोकरी देता आली, तर गादीला अर्थ येईल. मानधनावर अकरा महिन्यांसाठी नेमलेला प्रशिक्षक चौदा वर्षांच्या मुलाला अठरापर्यंत नेऊ शकत नाही, कारण मुलगा सोळाचा होण्याआधीच प्रशिक्षक दुसऱ्या जिल्ह्यात गेलेला असतो.